दादाने काढलेलं तिकीट

सूर्य बुडताना बघायला माणसं पाच-पाच तास विमानात बसून येतात आणि आल्यावर मला विचारतात, "आंटी, आज सूर्यास्त नक्की होणार ना?" मी तोंडाने म्हणते, "हो हो, होणार," आणि मनात म्हणते, नाही गं बाई, आज त्याने रजा टाकलीय.

सहा वर्षं झाली, मी मौनावर, म्हणजे आमच्या बेटावरच्या सगळ्यात उंच डोंगरावर, व्हॅन चालवते. चौदा सीटची. दुपारी किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून माणसं गोळा करायची, वाटेत आमच्या वाइमेआ गावात कुणी असलं तर उचलायचं, वर न्यायचं, सूर्य दाखवायचा, तारे दाखवायचे आणि आणून सोडायचं. हे लोक चड्डी-बनियनवर बर्फात जायला निघालेले असतात. म्हणून कंपनीचे नारिंगी कोट वाटायचे. कोट घातला की सगळे भोपळ्यासारखे दिसतात आणि लगेच एकमेकांचे फोटो काढतात. कुणी विचारतं, लाव्हा कुठाय? कुणी विचारतं, वर चहाचं दुकान आहे का? एकाने विचारलं होतं, हे तारे तुमच्याकडेच असतात की सगळीकडे?

आमचा बॉस ट्रेंट ॲरिझोनाचा. त्याने मला चार पानं लिहून दिलीत, मौनाच्या बर्फाच्या देवीबद्दल. ॲरिझोनात बसून! चढणीवर ती घोकून म्हणायची, आणि मध्ये तीनदा आमचा नमस्कार, "आलोहा", ओरडायचं, म्हणजे मागून चौदा जण ओरडतात. मी एकदाच ओरडते. पोटासाठी एकदा पुरे.

त्या गुरुवारच्या यादीत वाइमेआच्या थांब्यावर एकच नाव होतं. के. नाकोआ. नाकोआ म्हणजे आमचंच माहेर, पण नाकोआ पायलीला पन्नास. मला वाटलं, चुलत-मावस कुणीतरी पाहुण्यासाठी सीट धरली असेल. पेट्रोल पंपापाशी वळले, तर तिथे माझा दादा उभा. केआवेदादा. वय एकाहत्तर. अंगात लग्नाकार्याला घालायचा इस्त्रीचा शर्ट, पायात रबरी सपाता, आणि हातात फोन पुढे धरलेला. फोनवर तिकीट.

ज्या डोंगरावर आमच्या पणज्याने मेंढ्या हाकल्या, त्या डोंगरावर जायला माझ्या भावाने तिकीट काढलं होतं. तेही माझ्या व्हॅनचं. मी दार उघडलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन माझ्या नाकासमोर धरला, पिकपिक वाजेपर्यंत थांबला आणि मागे जाऊन बसला.

आम्ही बोलत नाही, हे सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी वर आणखी एक दुर्बीण बांधायला यंत्रं निघाली, तेव्हा आमची म्हातारी माणसं पायथ्याशी रस्त्यावर बसली. दादा पहिल्या रांगेत होता. पोलिसांनी त्याला खुर्चीसकट उचलून नेलं. मी आणि माझी लेक मोआनी मागे तंबूत दोनशे माणसांचा भात शिजवत होतो. मग तंबू उठले, हॉटेलच्या धुलाईतली माझी नोकरी गेली, आणि तीन महिन्यांत मी ही व्हॅन धरली. दादा घरी आला, उंबऱ्यातच उभा राहिला आणि म्हणाला, "आम्ही रस्त्यावर बसून डोंगर राखला, आणि तू त्याच्या खिडकीच्या सीटा विकतेस?" मी म्हटलं, "डोंगर राखून भाताचं पातेलं भरत नाही, दादा." तो गेला तो गेला. मोआनीही त्याच्याच बाजूची. ती नवऱ्याबरोबर लास व्हेगासला गेली आणि फोन करायची बंद झाली.

गेल्या महिन्यात दुकानात गल्ल्यावरची पोरगी मला म्हणाली, "अभिनंदन आंटी, आजी झालात! नाळ केआवे अंकलकडे आली म्हणे टपालाने." मी म्हटलं, "हो तर, मला माहीत आहे." तांदळाची पिशवी उचलली, घरी आले आणि भिंतीवर बशी फोडली. एक फुटली म्हणून काही बरं वाटेना, तर दुसरी फोडली.

आमच्यात बाळाची नाळ गळली की जपून ठेवतात, आणि घरातलं वडीलधारं माणूस ती मौनावरच्या तळ्यात सोडून येतं. का, ते मला विचारू नका. ज्यांची नाळ इस्पितळाच्या कचऱ्यात गेली त्यांना सांगून काय कळणार? माझी तिथे आहे, दादाची आहे, मोआनीची मी स्वतः सोडली. तिच्या लेकीची सोडायचा मान माझा. पण मोआनीने ती मामाकडे धाडली. आई जिवंत असताना, आई आठवड्यातून पाच दिवस त्याच डोंगरावर जात असताना, मामाकडे!

तर दादाच्या शर्टाच्या खिशात हिरव्या पानाची, अंगठ्याएवढी पुडी होती, दोऱ्याने बांधलेली. खिसा जरासा फुगला होता आणि दादाचा हात त्यावर होता. मला ते आरशात दिसत होतं. मला हेही माहीत होतं की सोमवारी होनोलुलूला त्याची छाती उघडणार आहेत. हे गाव लहान आहे, इथे माणूस शिंकलं तर दुसऱ्या टोकाला रुमाल काढतात. त्याच्या पिकअपला चढण झेपत नाही, मित्र निम्मे गेले, पोरं सगळी परमुलखात. उरली मी. आणि मला विचारण्यापेक्षा त्याने ट्रेंटला पैसे भरले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना, तो हा.

नियमाप्रमाणे मी विचारलं, "कुणाला हृदयाचा त्रास आहे का? असेल तर वर नेता येणार नाही."

सगळे नाही म्हणाले. दादा खिडकीबाहेर गाई बघत होता. त्याच्या कागदावर 'नाही'पुढे खूण होती. मी त्याला तिथेच उतरवायला हवं होतं. नाही उतरवलं. ती पुडी वर जायला हवी होती, आणि खरं सांगते, वर गेल्यावर तो झक मारत माझ्याशी बोलेल, अशीही मला आशा होती.

त्याच्या शेजारी एक बाई बसली होती. नेब्रास्काची. नाव डोरीन, पण मी तिला मनातल्या मनात नेब्रास्काच म्हणत होते. साठीची, डोक्यावर स्वतः विणलेली गोंड्याची टोपी, आणि तोंड म्हणजे गळकी तोटी. हॉटेलपासून तिने प्रत्येकाचं नाव, गाव, पोरंबाळं, सगळं विचारून घेतलं होतं. "आमच्या गावात सगळ्यात उंच काय, तर धान्याची टाकी!" असं ती चौथ्यांदा सांगत होती. अशा माणसांचा मला मनस्वी तिटकारा आहे. ओळख ना पाळख, दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरतात. आता ती दादाकडे वळली. मला वाटलं, दादा हिला एका नजरेत गार करेल. पण दादा हसला. सहा वर्षांत मी त्याचे दात बघितले नव्हते, ते तिला दिसले. दोघं डोक्याला डोकं लावून काहीतरी बघत होते, हळू बोलत होते. मी मुद्दाम देवीची चार पानं मोठ्याने म्हणायला लागले.

नऊ हजार फुटांवर अर्धा तास थांबावं लागतं, हवेची सवय व्हावी म्हणून. मी कोट वाटले, सूप वाटलं. दादापाशी कोट धरला तर त्याने हात पुढे केला नाही. नेब्रास्काकडे वळून म्हणाला, "ड्रायव्हरबाईंना सांगा, मला भोपळा व्हायचं नाही."

नेब्रास्का गोंधळली. आम्ही दोघं हातभर अंतरावर. तिने माझ्याकडे बघितलं. "ते म्हणतात—"

"ऐकलं मी. त्यांना सांगा, वर शून्याखाली आहे. मेलात तर खाली आणायला वेगळं तिकीट पडेल."

"ती म्हणते—"

"ऐकलं. ड्रायव्हरबाईंना सांगा, त्यांचा कोट घालून जाण्यापेक्षा मेलेलं बरं."

"तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता का?" नेब्रास्काने विचारलं.

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

शेवटी तिने स्वतःचा कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकला आणि स्वतः दुसरा घेतला. तिच्या अंगावरचा त्याने घेतला, माझ्या हातचा घेतला नाही. मी उरलेलं सूप झुडपात ओतलं.

तिथून वर कच्चा रस्ता. झाडं संपतात, गवत संपतं, नुसती तांबडी-काळी खडी. मागे सगळे गप्प झाले. दम लागायला लागला की पर्यटकांची तोंडं आपोआप बंद होतात, या डोंगराचा मला तेवढा एक फायदा. तेरा हजारांच्या वर एक वळण आहे. तिथून डावीकडे पायवाट फुटते, वीस मिनिटांत तळं. आम्हां गाडीवाल्यांना तिथे थांबायची मुभा नाही, पण थांबलं तर कुणी फाशी देत नाही. वळण दिसलं आणि मागून आवाज आला.

"आंटी," नेब्रास्का म्हणाली, "हे म्हणतात, इथे थांबा. यांना तळ्यावर जायचंय. फार महत्त्वाचं आहे."

मी आरशात बघितलं. दादाचा हात खिशावर, नजर बाहेर.

"ज्याला उतरायचंय त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं," मी म्हटलं.

मी गाडी हळू केली. पार माणसाच्या चालीवर आणली. एक शब्द. 'उलू' एवढं, नुसतं माझं नाव जरी म्हणाला असता, तरी मी त्याला पाठीवर घेऊन गेले असते. तो बोलला नाही. आणि मी? मी गियर टाकला आणि वळण मागे सोडलं. नियम आहे, असं मनाशी म्हटलं. नियम कसला डोंबलाचा! मला राग आला होता आणि गाडीचं चाक माझ्या हातात होतं, एवढंच.

वर माथ्यावर पंधरा गाड्या उभ्या होत्या. खाली ढगांचा सपाट पसारा, पांढऱ्या दुर्बिणींचे घुमट गुलाबी व्हायला लागलेले, आणि शंभरेक भोपळे फोन वर करून उभे. सूर्य बुडायला आला की हे लोक पाठ करून उभे राहतात, कारण त्यांना त्याच्यासोबत फोटो हवा असतो. डोळ्यांनी बघणारा एक सापडत नाही. आणि बुडाला की टाळ्या! कुणासाठी वाजवतात देव जाणे. मी सगळ्यांना उतरवलं, वीस मिनिटं सांगितली आणि टायरला लाथा घालत हवा बघितल्यासारखं करत राहिले. मुद्दाम दादाकडे पाठ केली. आता येईल, आता बोलेल.

दुसऱ्या कंपनीचा डेल्फिन धावत आला. माझ्या लेकीच्या वयाचा, फिलिपिनो, सालस. "आंटी, तुमचा तो म्हातारा चालत खाली निघालाय. सपाता घालून!"

"कुठे?"

"तळ्याकडे म्हणे. मी हाक मारली, तर हात केला. एक बाई आहे बरोबर."

माथ्यापासून ते वळण गाडीने पाच मिनिटं, पण पायी, त्या हवेत, तसलं हृदय घेऊन? माझ्या व्हॅनपुढे एकाने आपली जीप आडवी लावून ठेवली होती आणि स्वतः कुठेतरी उडी मारतानाचा फोटो काढत होता. डेल्फिनची गाडी मोकळी होती, तिच्यातून निघालो.

दुसऱ्या वळणावर दादा खडीत बसलेला दिसला. बसलेला कसला, ठेवलेला. ओठ जांभळे, मान खाली, आणि नेब्रास्का त्याच्या पाठीला पाठ लावून बसलेली, तो मागे पडू नये म्हणून. तिची टोपी त्याच्या डोक्यावर होती. गोंडा हलत होता.

"मी यांना म्हटलं थांबू या," ती रडवेली होऊन म्हणाली. "ऐकेचनात. मग म्हटलं, एकट्याला कसं सोडायचं?"

मी गाडीतली प्राणवायूची बाटली काढली, मुखवटा त्याच्या तोंडावर बसवला. "दादा," मी म्हटलं, सगळ्यांसमोर, "दादा रे, श्वास घे. हळू घे. मी उलू आहे."

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं, पहिल्यांदा. हळूहळू ओठांवर रंग आला. मला वाटलं, संपलं आता, सहा वर्षं संपली. त्याने मुखवटा बाजूला केला, मान वळवली आणि नेब्रास्काला म्हणाला, "त्यांना सांगा, मला खाली न्या म्हणावं."

काय म्हणायचं अशा माणसाला? माझा जीव त्याच्यासाठी कंठाशी आलेला आणि त्याचं सोवळं सुटत नव्हतं.

डेल्फिन म्हणाला, "आंटी, मी नेतो यांना लगेच. माझी माणसं आमच्या दुसऱ्या गाडीत, रोमीच्या, बसतील. खाली चौकीवर रुग्णवाहिका बोलावतो. यांना जितक्या लवकर खाली नेऊ तितकं बरं."

आम्ही दोघांनी उचलून दादाला गाडीत ठेवलं. बसल्यावर त्याने खिशात हात घातला. ती पुडी काढली. मी हात पुढे केला. केला म्हणजे काय, आपोआप गेला तो. माझ्या लेकीच्या लेकीची नाळ, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर.

त्याने ती नेब्रास्काच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. "तळ्यात तुम्ही सोडा," तो म्हणाला. दम लागत होता, तरी एकेक शब्द टाकत होता. "तुम्हीच. मी सांगितलंय तसं. ड्रायव्हरला वाट माहीत आहे. ती दाखवेल. वाट दाखवायचेच पैसे घेते ती."

डेल्फिनने खाली मान घालून दार लावलं. गाडी गेली. मी रस्त्यात उभी. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, निदान गाल चोळता आला असता.

तेवढ्यात सूर्य बुडाला आणि वरून टाळ्या ऐकू आल्या.

नेब्रास्काला घेऊन मी पायीच वर आले. आडवी जीप गेली होती. भोपळे गाडीत कोंबले, वळणाशी आणले, इंजिन चालू ठेवून उतरले. "कुठे चाललात, आंटी? आमचे तारे?" एकाने विचारलं. सूर्य बुडाला की अर्ध्या तासात डोंगर रिकामा करायचा असतो, ते बघणारा शिपाई गाड्या हाकलत खाली येतच होता, ट्रेंटचा फोन खिशात थरथरत होता.

"तारे वर आहेत," मी म्हटलं. "मान वर करा, दिसतील. नाही दिसले तर पैसे परत मागा."

वाटेवर नेब्रास्का पुढे, मी मागे विजेरी धरून. वाट दाखवणारी मागून चालत होती, कारण ती बाई कुत्रं मागे लागल्यासारखी सुटली होती. धापा टाकत होती, दोनदा घसरली, पण ती मूठ उघडली नाही. मी बघत होते. हिला काल मौना नकाशावर दाखवता आला नसता. हिच्या टाकीएवढ्या गावात हिची स्वतःची नाळ कुठल्या उकिरड्यावर गेली, कुणास ठाऊक. आणि माझ्या घरचं हिच्या मुठीत! एका कोटाचं आणि एका टोपीचं एवढं मोल? मी सहा वर्षं त्याच्या दारात अमावस्या-पुनवेला मासे ठेवून आले होते, ते मांजरांनी खाल्ले.

तळं आलं. फार मोठं नाही, डोळ्यात मावतं. काठाला बर्फाची पातळ साय, आणि मधलं पाणी अजून थोडं उजळ. मी मोआनीची नाळ घेऊन आले होते तेव्हा हीच जागा, हाच सपाट दगड. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी चिडले.

"आणा इकडे," मी म्हटलं. "बस झाला तमाशा. ती माझी नात आहे."

ती मागे सरकली. "मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द! तुमच्या लोकांनी या बेटांना दिलेले शब्द मोजायला बसले तर हे तळं भरेल, बाई. आणा म्हटलं ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. विजेरीच्या उजेडात तिचं नाक गळत होतं, गोंड्याच्या टोपीशिवाय विरळ केस उडत होते. घाबरली होती. पण खोटं सांगणार नाही, तिच्या डोळ्यांत माझा राग नव्हता. मला तो हवा होता.

"तुम्ही आजी आहात?" ती म्हणाली. "बाळाच्या सख्ख्या? मला ते बोललेच नाहीत." आणि तिने मूठ उघडली. "मग तर तुम्हीच सोडायला हवी. त्यांची समजूत मी घालीन. घ्या."

पुडी माझ्या हातात आली. काही वजन नाही तिला. दोरा दादाने बांधला होता, गाठ त्याचीच, मासे ओवायची. मी दगडावर गुडघे टेकले. पाण्याचा गारवा तोंडावर आला.

"फक्त नाव घ्यायचं विसरू नका," नेब्रास्का मागून म्हणाली. "आधी नाव घ्यायचं, तीनदा, मोठ्याने, मग सोडायचं. म्हणजे तळ्याला कळतं कोण आलं. त्यांनी दोनदा बजावलंय."

मला सांगत होती! आम्ही हे शंभर पिढ्या करत आलो आणि ही मला सांगत होती. मी तोंड उघडलं.

उघडलं ते उघडंच राहिलं. नाव काय घेणार? दुकानातली पोरगी म्हणाली, "आजी झालात", मी म्हटलं, "मला माहीत आहे", आणि त्यानंतर एका माणसाला मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं की मला माहीत नाही. महिनाभर माझ्या नाकाला जपत राहिले मी. नात म्हणते, तीही आपली अंदाजाने. मुलगी आहे हे तरी मला कुणी सांगितलं होतं?

तिला विचारायचं होतं. एक ओळ. जीभ उचलेना. मी तशीच गुडघ्यावर बसून राहिले, पाय बधिर झाले, वर शिपायाचा भोंगा वाजायला लागला.

मग मी उठले आणि पुडी तिच्या हातावर परत ठेवली. "तुम्हाला सांगितलंय त्याने," मी म्हटलं. "तुम्ही करा."

"का?"

"करा म्हटलं ना, बाई. थंडी वाजतेय मला."

ती बिचारी दगडावर अवघडून बसली. दोन्ही हातांत पुडी धरली आणि शाळेत कविता म्हणतात तसं, एकेक अक्षर जपून, मोठ्याने म्हणाली, "कौआनोए. कौआनोए. कौआनोए. मोआनीची मुलगी." आणि पाण्यात सोडली. पान थोडं तरंगलं, कलंडलं आणि गेलं.

कौआनोए म्हणजे आमच्या वाइमेआचा भुरभुर पाऊस, जो पडतोय की नाही ते कपडे ओले झाल्यावर कळतं. पोरीने वाळवंटात बसून लेकीचं नाव ते ठेवलं होतं.

"फार गोड आहे हो," नेब्रास्का उठत म्हणाली. "डाव्या गालाला खळी. तुमच्याच सारखं कपाळ. फोटो दाखवले ना त्यांनी मला गाडीत, दहा-बारा होते. तुम्ही तर पाहिलेच असतील."

वाटेभर मी देवीची चार पानं ओरडत होते, तेव्हा.

"बरोबर म्हटलं ना मी नाव?" तिने विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पुन्हा म्हणा."